आधी वाटाण्याचा वेल, मग हरिश्चंद्र

1911 साली धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, चाळिशी ओलांडून गेले होते. भागीदारीत बिनसल्यामुळे छापखान्यातून बाहेर पडलेले, घरात बायको आणि लहान मुलं, ठरलेला पगार नाही. अशात गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहून ठेवलंय. कृष्णचरित्राचा चित्रपट काढायचा, तोही इथे, इथल्याच माणसांना घेऊन, हे तेव्हा मनाशी पक्कं झालं.

ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. ती सांगताना आपण ध्यास, वेड, झपाटलेपण हे शब्द वापरतो आणि त्यात खोटं काही नाही. पण वेड घेतलेली माणसं पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. फाळक्यांचं पुरं झालं. दोनेक वर्षांत त्यांचा पहिला चित्रपट गिरगावातच लागला, आणि तो कृष्णाचा नव्हता. मधल्या काळात या माणसाने आपल्या एवढ्या मोठ्या इच्छेचे तुकडे कसे पाडले, कुठला तुकडा आधी उचलला आणि कुठला मागे ठेवला, हे मला त्या वेडाहून जास्त शिकवणारं वाटतं. कादंबरी, एकांकिका, लघुपट असं काही मनात घेऊन वर्षानुवर्षं बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो.

हाताशी काय होतं, काय नव्हतं

फाळके कोरे नव्हते. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछपाईचं काम, मग स्वतःचा छापखाना, रंगीत छपाईची यंत्रं बघायला 1909 साली जर्मनीची वारी. शिवाय जादूचे प्रयोग करायचे, आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. म्हणजे भिंग, उजेड, रसायनं, चित्राची मांडणी, हातचलाखी हे सगळं अंगवळणी पडलेलं.

नव्हत्या त्या चार गोष्टी. हलत्या चित्राचा कॅमेरा हाताने फिरवायचा कसा, कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रं पाडायची कशी, ती लांबलचक फीत धुवायची कशी, हा एक अख्खा विषय परका होता. पैसा नव्हता. नट नव्हते. आणि या देशात हे होऊ शकतं यावर विश्वास ठेवणारं माणूस सापडणं मुश्किल होतं.

ज्याला काम करायचंय त्याने कागदावर अशी फाळणी केली तर बराच धुरळा खाली बसतो. ‘मला जमेल का’ हा प्रश्न फार मोठा आणि फार ढोबळ आहे. त्यातलं नव्वद टक्के आपल्याला येत असतं. अडतं एखाद्या ठिकाणी, आणि ते ठिकाण कुठलं हे आपण शोधत नाही. फाळक्यांनी शोधलं. दिवसा-रात्री मिळेल तो चित्रपट बघितला, छोटी यंत्रं आणि फितीचे तुकडे आणून घरी प्रयोग केले. डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जायची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले आणि 1912 च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं.

तिथे ते जेमतेम दोन आठवडे राहिले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाने, कॅबर्न यांनी, आधी त्यांना या भानगडीत पडू नका असंच सांगितलं. माणसाची तळमळ दिसल्यावर वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन सोडलं. काम कसं चालतं ते बघायचं, विल्यमसनचा कॅमेरा, छिद्रं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची फिल्म घ्यायची आणि परतायचं. या प्रवासाचं उद्दिष्ट किती अरुंद ठेवलं होतं बघा. जवळ होता तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या दिवसांत बसेल एवढंच त्यांनी तिथून उचललं. एप्रिलमध्ये ते मुंबईत होते आणि फाळके फिल्म्स कंपनीचं नाव ठरलं होतं.

एका मिनिटाची फीत

यंत्रसामग्री आली. दादरच्या घरात ती जुळवून झाली. आता कोणालाही वाटेल की पुढची पायरी म्हणजे कथा, नट, देखावे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला.

कॅमेरा कुंडीसमोर एका जागी रोवून ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत गेले. महिनाभर हे चाललं. बी फुटतं, कोंब वर येतो, पानं उलगडतात, वेल आधार शोधत चढतो, असा सगळा क्रम मिनिटभराच्या फितीत आला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही फीत ओळखली जाते.

या एका मिनिटाचा हिशेब मांडून बघू. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण 16 फ्रेम धरला तर मिनिटाला 960 फ्रेम लागतात. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात, म्हणजे ही फीत 60 फुटांची. महिनाभरात तेवढ्या फ्रेम भरायच्या तर दिवसाला तीस-बत्तीस. ‘राजा हरिश्चंद्र’ पुढे सुमारे 3,700 फुटांचा झाला. म्हणजे वाटाण्याची फीत त्याच्या सुमारे बासष्टांश होती.

एवढ्याशा कामात तपासलं काय गेलं ते मोजलं तर चकित व्हायला होतं. कॅमेरा महिनाभर जागचा हलू द्यायचा नाही. उजेड रोज कमीजास्त होतो, तरी फ्रेमागणिक चित्र अंधारं-उजळ होऊ द्यायचं नाही. छिद्रं सारख्या अंतरावर पडली नाहीत तर पडद्यावर चित्र उड्या मारतं, तेव्हा ती नेमकी पाडायची. फीत धुवायची, वाळवायची, तिची प्रत काढायची, यंत्रावर चढवून दाखवायची. जे जे परकं होतं ते सगळं या कुंडीसमोर एकदा तरी हातून गेलं. आणि जे अवघड पण दुसऱ्या प्रकारचं होतं, नट, कपडे, देखावे, बाहेरगावचं चित्रीकरण, त्यातलं काहीही मध्ये आणलं नाही. वाटाणा पगार मागत नाही आणि गैरहजरही राहत नाही.

विषयाची निवडही मला विलक्षण वाटते. साठ फुटांत कोणी माणूस चालताना दाखवला असता तर बघणारे म्हणाले असते, असं तर विलायती पटांत रोजच बघतो. महिन्याभराची वाढ डोळ्यांसमोर मिनिटात होताना त्यांनी बहुधा पाहिली नव्हती. तुकडा लहान होता तरी हलत्या चित्राची खरी ताकद त्यात होती. हा नमुना किंवा जाहिरातीपुरता तुकडा नव्हता; सुरुवात, मध्य, शेवट असलेली पुरी कलाकृती होती.

ही फीत त्यांनी ओळखीच्या निवडक लोकांना दाखवली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांना ती बघून खात्री पटली आणि कर्जाऊ रक्कम उभी राहिली. वर्षभर तोंडाने सांगून जे झालं नव्हतं ते एका मिनिटात झालं. म्हणून म्हणतो, आवाक्यातलं उद्दिष्ट ठरवताना ते लहान असावं एवढं पुरत नाही. ते पुरं झालं की दुसऱ्या माणसासमोर ठेवता यायला हवं, आणि मोठ्या कामातली सर्वांत मोठी शंका त्याने निकालात काढायला हवी.

हरिश्चंद्रच का

मग कृष्ण का नाही? कृष्ण म्हणजे गोकुळ, कालिया, गोवर्धन, मथुरा. जागोजागी चमत्कार, जागोजागी गर्दी. हरिश्चंद्र म्हणजे राजा, राणी, मुलगा आणि एक ऋषी. राजवाडा, अरण्य, स्मशान. कथा नाटकांमुळे आणि कीर्तनांमुळे घराघरांत ठाऊक, त्यामुळे मूकपटाच्या पाट्या वाचता न येणाऱ्या प्रेक्षकालाही पडद्यावर काय चाललंय ते कळणार. फाळक्यांच्या निवडीमागे आणखीही कारणं असतील, पण हाताशी असलेल्या बळात बसणारी पौराणिक कथा म्हणून हरिश्चंद्राइतकी सोयीची दुसरी मला दिसत नाही.

तारामतीसाठी त्यांना बाईच हवी होती. जाहिराती दिल्या, शोधाशोध केली, सगळीकडून नकार आला. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्या काळी बायकांना बदनामीचं वाटे. पुरुष नटांनासुद्धा, कुठे काम करता असं कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात म्हणून सांगा, अशी सूचना होती म्हणतात. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण त्यांच्या नजरेत भरला. दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तारामती झाली. राजा दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदास व्हायला कोणी आपला मुलगा देईना, तेव्हा फाळक्यांचा भालचंद्र उभा राहिला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. बाईची भूमिका बाईनेच करावी हा आग्रह त्यांनी सोडला असं झालं नाही. या चित्रपटापुरता बाजूला ठेवला. लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. पहिल्या कामातच सगळे आग्रह पुरे करायला बसले असते तर 1913 मध्ये ना तारामती झाली असती ना मोहिनी. आपल्या कामात कुठली गोष्ट ‘आत्ता नको’ यादीत जाईल आणि कुठली गेली तर काम करण्यात अर्थच उरणार नाही, हे आधी लिहून काढणं फार कमी लोक करतात. चित्रपट इथे, इथल्या माणसांनी, इथल्या कथेवर करायचा, ही फाळक्यांची न हलणारी ओळ होती. बाकी सगळं वाटाघाटीला मोकळं.

चित्रीकरण दादरच्या बंगल्याच्या आवारात आणि वांगणीच्या परिसरात झालं. सूर्य असेपर्यंत कॅमेरा, रात्री फिल्मची कामं. सुमारे सात महिन्यांत चार रिळं तयार झाली. 21 एप्रिल 1913 ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला.

सरस्वतीबाई

या प्रकरणातला माझ्या मनाला सर्वांत लागणारा भाग हा. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून फिल्मला छिद्रं पाडायच्या, धुलाईत हात द्यायच्या, चित्रीकरणाच्या वेळी उजेड वळवायला उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, आणि याउपर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. त्यांचे दागिनेही या कामापायी गहाण पडले.

म्हणजे ‘फाळक्यांच्या आवाक्यातलं’ असं आपण जे म्हणतो त्यातला मोठा हिस्सा सरस्वतीबाईंच्या हातांचा होता. कलेच्या कामाचं उद्दिष्ट ठरवताना आपण वेळ मोजतो, पैसे मोजतो, पण घरातल्या दुसऱ्या माणसाचे हात गृहीत धरतो. पहाटे पाच ते सात मी लिहिणार असं कोणी ठरवतो तेव्हा डबे कोण भरतंय, आजारी आईकडे कोण बघतंय, हा त्या उद्दिष्टाचाच भाग असतो. ते बोलून ठरवलं नसेल तर ते उद्दिष्ट आवाक्यातलं आहे की दुसऱ्याच्या पाठीवर लादलेलं आहे हे कळायला मार्ग नाही. सरस्वतीबाईंनी हे काम समजून, शिकून आणि आपलं मानून केलं असं त्यांच्याबद्दलच्या सगळ्या आठवणींतून दिसतं. सगळीकडे तसं असेलच असं नाही.

आपल्या कामात हे कसं आणायचं

मी लिहिणाऱ्यांच्यात वावरतो, त्यामुळे उदाहरणं तिथली देतो. ‘यंदा कादंबरी पुरी करायची’ हा संकल्प दरवर्षी ऐकू येतो. त्यात चूक नाही, पण पुरी होईपर्यंत दाखवण्यासारखं काही हाती येत नाही, आणि तीनेक महिन्यांत माणूस थकतो. मग कोणी सांगतं, रोज हजार शब्द लिही. रोजचा आकडा हात चालता ठेवतो, त्याचा मी पुरस्कर्ताच आहे. पण आकडा काही पुरं करत नाही. साठ हजार शब्द जमूनही कादंबरी कुठे चाललीय हे ठाऊक नाही अशी हस्तलिखितं मी वाचली आहेत.

याउलट वाटाण्यासारखा तुकडा शोधायचा. समजा कादंबरीत आजीचा काळ आणि नातीचा काळ गुंफायचाय आणि तेच जमेल की नाही अशी धास्ती आहे. तर पहिलं प्रकरण घोटत बसू नये. दोन्ही काळ जिथे एकमेकांना भिडतात ते एक प्रकरण आधी लिहावं, पुरं करावं आणि दोन चोखंदळ वाचकांना द्यावं. एकांकिकेचा शेवट पेलेल का अशी शंका असेल तर तो शेवट तिघांना बसवून मोठ्याने वाचून घ्यावा. लघुपटात सगळी भिस्त रात्रीच्या एका प्रसंगावर असेल तर तेवढाच प्रसंग मोबाइलवर चित्रित करून बघावा, उजेड कसा येतो ते कळतं. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. जे सहज येतं तिथून सुरुवात करतो: शीर्षक, अर्पणपत्रिका, मुखपृष्ठाची कल्पना, सुंदर पहिला परिच्छेद. अवघड जागा शेवटी येते, तोवर उमेद संपलेली असते.

दुसरं असं की उद्दिष्ट आपल्या हातातलं हवं. ‘दिवाळी अंकात कथा यावी’ हे संपादकाच्या हातात आहे. ‘संपादकाने सांगितलेल्या तारखेच्या आत, सांगितलेल्या शब्दमर्यादेत कथा पुरी करून पाठवणं’ हे आपल्या हातात आहे. मराठीत ही सोय शंभर वर्षांहून जुनी आहे. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक 1909 चा, म्हणजे फाळक्यांच्या या धडपडीच्या दोनच वर्षं आधीचा. वर्षातून एकदा एक पुरी, लहान, दुसऱ्याला वाचायला देता येईल अशी गोष्ट लिहायला लावणारी ही परंपरा नवख्या लेखकासाठी फार मोलाची आहे. पावसाळा सरायच्या आत कथा हातावेगळी करायची सवय लागलेला लेखक कादंबरीकडे वेगळ्या तयारीने वळतो.

कृष्ण, आणि त्यानंतर

मागे ठेवलेल्या कृष्णाचं काय झालं? हरिश्चंद्रानंतर फाळके नाशिकला गेले, ‘सत्यवान सावित्री’ आला, मग महायुद्धाने कच्ची फिल्म आणि पैसा दोन्हींची ओढाताण झाली. त्या काळात त्यांनी लहान पट केले. आगकाड्या हलवून केलेली ‘आगकाड्यांची मौज’ त्यांतलीच. मोठं काम अडलं तेव्हा हा माणूस पुन्हा कुंडीएवढ्या कामाकडे वळला, हात थांबू दिला नाही. 1917 मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. आणि 1918 मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’, 1919 मध्ये ‘कालिया मर्दन’. कृष्ण झाली होती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. पिक्चर पॅलेसमध्ये मनात उभा राहिलेला कृष्ण पडद्यावर यायला सात वर्षं लागली, आणि आला तेव्हा त्याच्यासाठी लागणाऱ्या एकूणएक युक्त्या आधीच्या चित्रपटांत वापरून झालेल्या होत्या.

पुढचा भाग कडू आहे, पण तो टाळला तर प्रकरण खोटं ठरेल. 14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, तोही हरिश्चंद्राच्याच कथेवर. फाळके त्या सुमारास ‘सेतुबंधन’ करत होते, मूकपट म्हणून. तो पुरा होईतो मूकपटाचा बाजार उठला होता, त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. 1912 मध्ये परकं होतं ते घरात, एका कुंडीसमोर, तपासता आलं होतं. ध्वनिमुद्रण तसं नव्हतं. त्याला यंत्रं, बंदिस्त स्टुडिओ आणि मोठं भांडवल लागत होतं, आणि एक मिनिटाची बोलती फीत दादरच्या घरात काढून बघण्याची सोय उरली नव्हती. फाळक्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ 1937 साली आला, कोल्हापूर सिनेटोनसाठी, दुसऱ्यांच्या पैशावर आणि दुसऱ्यांच्या स्टुडिओत. तेव्हा ते 67 वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी चित्रपट केला नाही.